केंद्र मधूभाऊंचं, इमारत कंपनीची

मधूभाऊ निमसेंसमोर ‘पेशंट’ म्हटलेलं चालत नसे. दारू सोडायला आलेला माणूस त्यांच्या लेखी पावना. “पेशंट म्हटला का तो आडवा आनि आपन उभे,” ते म्हणायचे. “पावन्याला बसवून बोलायला लागतं.” मी नुकतीच नर्सिंग शिकून आलेली, तो शब्द जिभेवर पक्का बसलेला. तोंडून निसटला की मधूभाऊ हातातलं काम टाकून माझ्याकडे बघत उभे राहायचे. रागवायचे नाहीत, नुसते बघायचे. त्या बघण्याला कंटाळून शेवटी मीच शब्द बदलला.

केंद्र शहापूरहून मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर, किन्हवलीच्या पुढे होतं. केंद्र कसलं, त्यांच्या वडिलांची बंद पडलेली भाताची गिरणी. यंत्र गेलं होतं, पण जमिनीतून वर आलेले त्याचे बोल्ट तसेच होते आणि नवीन माणूस हमखास त्यांना ठेचकाळायचा. वर पत्रे, खाली ओळीनं खाटा, मागच्या बाजूला चुलीवर शालनवहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, स्वयंपाक. शहापूरचे एक डॉक्टर रोज सकाळी आपला दवाखाना उघडण्याआधी स्कूटरवरून येऊन सगळ्यांना तपासून जायचे. दिवसा मी, रात्री दुसरी सिस्टर. मी आसनगावहून एस.टी.नं ये-जा करायची. नव्वदचं दशक तेव्हा निम्मं सरलं असेल.

मधूभाऊ बुटके, मानेनं जाड, आणि आवाज असा की रस्त्यात बसलेली म्हैस उठावी. त्यांची स्वतःची दारू सुटून बरीच वर्षं झाली होती, पण हातांची थरथर गेली नव्हती. त्यामुळे चहा पेल्यातून, तोही दोन्ही हातांनी धरून प्यायचे. नवीन माणसासमोर तर मुद्दाम. “बघ,” म्हणायचे, “माजी एवढी राहिली. तू लवकर आलास, तुजी जाईल.”

हट्टी माणूस होता. डॉक्टरांशी भांडायचे, माझ्याशी भांडायचे. औषध देऊन माणसाला झोपवलेलं त्यांना बघवत नसे. सुरुवातीचे काही दिवस ते लागतंच, नाहीतर झटके येऊन माणूस दगावतो, हे डॉक्टर त्यांना परत परत समजावून सांगायचे. मग कुरकुरत ऐकायचे आणि त्या झोपलेल्या माणसाशेजारी स्टूल टाकून बसायचे. उठल्यावर त्याला पहिलं तोंड आपलं दिसलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह.

फाटकाला कडी होती, कुलूप नव्हतं. नातेवाईक घाबरायचे. “पळून गेला तर?”

“जाईल. पन मला सांगून जाईल.”

आणि जायचेही. उंबरमाळीकडचा एक रेल्वेचा गँगमन आठवडाभरानं पिशवी भरून निघाला. मधूभाऊ म्हणाले, “चल, सोडतो तुला,” आणि त्याच्याबरोबर चालू लागले. थांब्यापर्यंत दोघं भांडत गेले. एस.टी. आली, तो चढला, हेही चढले. पुढे आसनगावला लोकलमध्येही त्याच्या शेजारी जाऊन बसले. थेट त्याच्या घरी गेले, भाकरी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी दोघं परत हजर. काय मंत्र घातलात म्हणून मी विचारलं.

“मी कशाला काय बोलतो? आमी जेवत होतो, तर त्याची बायको फळीवरची भांडी गोळा करून शेजारणीकडं ठेवायला निघाली. नवरा घरी आलाय ना, आता भांडी विकंल म्हनून. ते त्यानं बघितलं. सकाळी तोच म्हनाला, चला.”

रविवारी नातेवाइकांची बैठक असे. बायका, आया, भाऊ, सगळे सतरंजीवर. मधूभाऊ सुरुवात नेहमी स्वतःपासून करायचे. “कल्यानच्या कारखान्यातली नोकरी गेली ते सोडा. नोकऱ्या जातात. मी पेरनीच्या तोंडावर कनगीतलं बियान्याचं भात विकलं. अर्धं.”

चुलीकडून वहिनींचा आवाज यायचा, “सगळं!”

“सगळं,” मधूभाऊ दुरुस्त करायचे. “त्या साली ही दुसऱ्यांच्या शेतात लावनी करत होती आनि आमचं शेत तसंच पडलं होतं.”

दर रविवारी ते अर्धं म्हणायचे आणि दर रविवारी वहिनी त्यांना सुधारायच्या. मला वाटायचं ठरवून करतात. एकदा वहिनींना विचारलं तर त्या म्हणाल्या, “ठरवून कसलं गो? त्यांना खरंच अर्धं आठवतं.”

पण मधूभाऊंचं खरं काम सुरू व्हायचं ते माणूस घरी गेल्यावर. “हितं दारू सोडली त्यात काय मोठं? हितं दारू हाय कुठं?” धसईच्या बाजाराला ते न चुकता जायचे. भात, भाजी विकायला आलेले त्यांचे जुने पावने तिथं एका जागी सापडत. एकानं त्यांना बघून भोपळ्यांच्या पोत्यांमागे दडी मारली. मधूभाऊ पोत्यावर बसले ते बसलेच. आलेल्या गिऱ्हाइकांना भोपळेही देऊ लागले. शेवटी तो मागून म्हणाला, “मधूभाऊ, घसरलो.” हे वळले नाहीतच. “ठाव हाय. भोपळे संपू दे, मग जाऊ.”

सगळ्यांची सुटायची असं नाही. कित्येकांची नाही सुटली. पण तिथं माणसाला कुणीतरी ओळखत होतं.

राजीवचा थोरला भाऊ आमच्याकडे राहून बरा झाला होता. राजीव मुंबईचा, शिकलेला, कसल्याशा गुंतवणुकीच्या व्यवसायातला. पण रविवारच्या बैठकीला सतरंजीवर मांडी घालून बसायचा, वहिनींच्या हातची भाकरी मागून खायचा. त्याच्या मनात तेव्हा काही वाईट होतं असं मला आजही वाटत नाही. पावसात पत्रे गळायचे, खाटा कमी पडायच्या, माणसं पडवीत झोपायची, हे त्यानं बघितलं होतं. एक दिवस तो म्हणाला, “मधूभाऊ, तुम्ही दहा जणांना उभं करता. शंभरांना का नाही? जागा तुमची, पैसा आमचा. मी आणि माझे दोन पार्टनर. तुम्ही फक्त माणसं सांभाळा.”

ते ‘शंभर’ मधूभाऊंच्या डोक्यात बसलं. जागा आपल्या नावावर राहू दे, एवढंच वहिनी म्हणाल्या होत्या. “तुला मोठं काय दिसतच नाय,” असं मधूभाऊ त्यांना आमच्या सगळ्यांसमोर बोलले. वहिनी आत गेल्या. तो विषय त्यांनी परत कधी काढला नाही.

गिरणी पडली आणि तिथं तीन मजली इमारत उभी राहिली. फरशी इतकी चकचकीत की आमचे पावने चपला काढून हातात घ्यायचे. दारात मोठा बोर्ड, त्यावर हात जोडलेले मधूभाऊ. कागदोपत्री जागा कंपनीची झाली आणि ते ‘संचालक’. त्यांना गोल फिरणाऱ्या खुर्चीची केबिन मिळाली, तिथं ते कधी बसले नाहीत. पहिलं वर्ष खरंच चांगलं गेलं, हे सांगायला हवं. पूर्णवेळ डॉक्टर आले, बोलायला दोन शिकलेले समुपदेशक आले, ऑक्सिजन आला, स्वतःची गाडी आली. मधूभाऊ मजल्यामजल्यावरून फिरायचे आणि जिन्यात भेटले की म्हणायचे, “बघितलंत सिस्टर? बघितलंत?”

मग राजीवच्या पार्टनरांनी मॅनेजर पाठवला. हॉटेल चालवलेला, गोड बोलणारा माणूस. किती खोल्या भरल्या, हे तो रोज सकाळी विचारायचा. किती माणसं बरी झाली, असं त्यानं कधी विचारलेलं मला आठवत नाही. सगळ्यात आधी बंद झालं ते घरोघरी जाणं. “त्यातून काही येत नाही, मधूभाऊ.” नंतर एक समुपदेशक गेला, मग दुसरा. रोजचे डॉक्टर आठवड्याला येऊ लागले. रात्रीची सिस्टर काढली, गोळ्यांच्या पुड्या वॉचमनच्या हाती आल्या. रविवारची बैठक महिन्यावर गेली, कारण नातेवाईक फार प्रश्न विचारतात. फाटकाला कुलूप लागलं. गाडीवाल्यांना माणूस आणून देण्याचं कमिशन मिळू लागलं, आणि दारूनं झिंगलेल्या माणसाला त्याच्या घरातून उचलून आणायला चौघं जण जाऊ लागले. ज्याच्या घरचे पैसे भरू शकत, तो बरा झाला तरी राहायचा. ज्याच्या घरचे भरू शकत नसत, तो हात थरथरत असतानाच बाहेर.

मधूभाऊ ओरडायचे. पण त्या आवाजाचा तिथं उपयोग नव्हता. मॅनेजर शांतपणे ऐकून म्हणायचा, “नोट केलं.” राजीवला फोन केला तर तो म्हणायचा, “थोडं सांभाळून घ्या ना, मधूभाऊ. माझ्या एकट्याच्या हातात नाहीये आता.” हे वाक्य तो इतक्यांदा बोलला की ते कुणाच्या हातात आहे, तेच कळेना. पार्टनर तर आम्ही कधी पाहिलेही नव्हते.

मी मधूभाऊंना म्हटलं, “सोडा ना हे. बाहेर पडा.”

“मी गेलो तर बोर्डावरचा फोटो काढतील?”

“नाही काढायचे.”

“मग? लोक तो फोटो बघून येतात, सिस्टर. आलेल्याला निदान मी तरी भेटलो पायजे.”

मला त्यांचा राग यायचा. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्तच यायचा.

बाळाराम धसईजवळचा. भात आणि भाजीपाला करणारा, घरचं बरं असलेला माणूस, फक्त दारूपुढे हरलेला. त्याची बायको सुगंधा त्याला स्वतः घेऊन आली. मधूभाऊंना तिनं धसईच्या बाजारात पाहिलं होतं. मधूभाऊ तिच्याशी बोलले, बाळारामला चहा पाजला, आपले थरथरते हात दाखवले. त्याच संध्याकाळी त्यांना मुंबईला जावं लागलं. नवीन शाखा काढायची होती आणि पार्टनरांना मीटिंगमध्ये ‘संचालक’ हवा होता.

दुसऱ्या दिवशी बाळारामला घाम फुटला, भिंतीवर किडे दिसू लागले. मी मॅनेजरला सांगितलं, डॉक्टरांना आत्ता बोलवा, नाहीतर याला शहापूरला हलवा. तो म्हणाला, “उद्या त्यांचा यायचा दिवसच आहे.” हवं तर मी राजीनाम्यावर सही करून निघते पण आधी माणूस हलवा, असं म्हणून बघितलं, आवाज चढवून बघितलं. तो म्हणाला, “सिस्टर, तुमची ड्युटी संपली.” मी वॉचमनला काय काय बघायचं ते सांगून, बाहेर पडून डॉक्टरांना फोन केला. तो लागला नाही.

सकाळी मी आले तेव्हा मधूभाऊ नुकतेच मुंबईहून पोचले होते. बाळाराम खाटेला बांधलेला होता, आणि त्याला झटके येऊन गेले होते. तो हाकेला ओ देत नव्हता. वॉचमन रडत म्हणाला, “लय हातपाय झाडत होता, मॅनेजरसाहेबांना फोन केला, ते म्हनले बांधून ठेव.” मी गाडी काढायला सांगितलं. गाडी नव्हती. नवीन माणूस आणायला नाशिकला गेली होती.

मधूभाऊ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. भाजी घेऊन चाललेला टेम्पो त्यांनी हात पसरून थांबवला. भेंडीच्या पोत्यांवर बाळारामला ठेवलं. डोकं मधूभाऊंच्या मांडीवर, मी नाडी धरून. मधूभाऊ सारखे त्याच्याशी बोलत होते, नेहमीच्या त्या मोठ्या आवाजात. “बाळाराम, ए बाळाराम. घरी जायचंय ना रे?” किन्हवली मागे पडली आणि माझ्या बोटांखाली नाडी लागेना. मी छाती दाबत राहिले. शहापूरला पोचेपर्यंत मधूभाऊ बोलत राहिले.

हॉस्पिटलातच राजीवचा फोन आला. लिव्हर आधीच गेलेलं होतं, घरच्यांनी उशिरा आणलं, एवढंच सांगा म्हणाला. मधूभाऊंनी फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर निघून गेले.

धसईला मी त्यांच्याबरोबर गेले. अंगणात सगळा गाव जमला होता. मधूभाऊ सुगंधासमोर जाऊन उभे राहिले.

“बाय, तुजा नवरा आजारानं नाय गेला. आमच्याकडं डॉक्टर नव्हता, गाडी नव्हती. तो आमच्यामुळं गेला.”

माणसं अंगावर धावून आली. सुगंधानं हात वर करून त्यांना थांबवलं. ती रडत नव्हती.

“तुमी कुठं होतात?”

“मुंबईला.”

“बोर्डावर तर होतात,” ती म्हणाली. “मी तुमाला बघूनच त्याला सोडला.”

परत येताना मधूभाऊ केंद्राच्या दारात उतरले, कुठून तरी शिडी आणली, शेजारच्या शेतातून कोयता आणला, आणि वर चढून बोर्डावरचा आपला चेहरा कापून काढला. हात इतके थरथरत होते की शिडी मी दोन्ही हातांनी धरली. मॅनेजर खालून ओरडत होता. नंतर कंपनीनं मालमत्तेच्या नुकसानीची तक्रारही केली.

पोलिसांना मधूभाऊंनी सगळं सांगितलं, काही न लपवता. ते सगळं त्यांच्यावरच उलटलं. इमारत कंपनीची होती, उपचारांना जबाबदार संचालक. संचालक मधूभाऊ. पार्टनरांची नावं कुठंच नव्हती. राजीवनं वकील पाठवला, तो कंपनीसाठी. डॉक्टर म्हणाले, मला कुणी कळवलंच नाही. मॅनेजर दुसरीकडे नोकरीला लागला. आरोपी उरले दोघे, मधूभाऊ आणि वॉचमन.

पुढची कितीतरी वर्षं कोर्टाच्या तारखा. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात लागले होते, साक्षीला रजा काढून जायची. कधी जजसाहेब रजेवर, कधी कागद आला नाही, कधी समोरचा वकील आला नाही. शालनवहिनी डबा घेऊन येत. मधूभाऊ बाकावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या शिपायाशी भांडत, आणि वहिनी त्यांच्या हातात पाण्याची बाटली देत. एकदा वहिनींनी तोच डबा सुगंधापुढे केला. ती दुसऱ्या टोकाला एकटीच बसली होती. तिनं घेतला. भाकरी खाताखाता वहिनींना म्हणाली, “मोठे लोक कधी यायचे हितं?” वहिनी म्हणाल्या, “ते नाय येत गो.”

साक्षीच्या वेळी सुगंधानं सांगितलं, माझ्या दारात येऊन खरं बोलला तो एवढाच माणूस. मधूभाऊ सुटले, वॉचमनही सुटला. दुसरं कुणी अडकलंच नव्हतं. कोर्टाबाहेर वकिलांनी अभिनंदन केलं तेव्हा मधूभाऊ त्यांच्यावरच खेकसले, “सुटलो म्हनजे? मग बाळाराम कुनामुळं गेला?” वकील बिचारे गाडीत बसून निघून गेले.

किन्हवलीची इमारत विकली गेली. तिथं आता लग्नं लागतात. आणि हायवेला, उंबरमाळीच्या अलीकडे, दुसरं केंद्र सुरू झालं. नाव नवीन, रंग नवीन, बोर्डावर पांढरा कोट घातलेला कुणी हसरा माणूस. राजीवचं नाव त्यात आहे म्हणतात. खरं-खोटं मला माहीत नाही.

त्यानंतर काही वर्षांनी लसीकरणाच्या कामानं मी कसाऱ्याकडे गेले होते. रविवार होता. परतीच्या एस.टी.साठी हायवेवर उभी राहिले, तर समोरच ते केंद्र, आणि अलीकडच्या बाजूला चहाच्या टपरीवर मधूभाऊ. केस सगळे पांढरे, मान बारीक झालेली.

“इथं काय करताय?”

“आज भेटीचा वार असतो ना. नवीन मानसंपन आजच आनतात.” त्यांनी फाटकाकडे बोट दाखवलं. “मी काय आत जात नाय. वॉचमन येऊ देत नाय. मी फक्त येनाऱ्यांना सांगतो, आत जाऊन तीन गोष्टी विचारा. रात्री सिस्टर कोन? डॉक्टर रोज येतो का? आनि आमच्या मानसाला आमी कधीबी भेटू शकतो का? उत्तर नाय मिळालं तर परत फिरा.”

“फिरतं कुणी?”

ते हसले नाहीत. “मागं एकदा एक जन फिरला.”

तेवढ्यात मुंबईच्या बाजूनं एक गाडी आली आणि फाटकासमोर हळू झाली. मधूभाऊ उठले, हात वर करून रस्ता ओलांडून गेले. मागच्या सीटवर एक तरुण मान टाकून पडलेला, त्याचं डोकं आईच्या खांद्यावर. आईनं काच खाली केली. मधूभाऊ वाकून बोलत होते, आवाज मला पलीकडे ऐकू येत होता. तीही ऐकत होती. मग पुढे बसलेला माणूस म्हणाला, “काका, ॲडव्हान्स भरलाय आम्ही,” आणि आईनं काच वर केली. फाटक उघडलं, गाडी आत गेली. वॉचमन मधूभाऊंना हातानं बाजूला सारत होता, आणि ते बंद होणाऱ्या फाटकाच्या फटीतून ओरडत होते, “रात्री कोन असतं ते तरी विचारा! ताई, रात्री कोन असतं ते विचारा!”

माझी एस.टी. आली. मी चढले, खिडकीपाशी गेले. मधूभाऊ अजून फाटकाकडेच तोंड करून उभे होते. मग आत काय झालं कुणास ठाऊक, इमारतीच्या दारात ती बाई परत बाहेर आलेली दिसली. ती फाटकाकडे बघत होती. मधूभाऊंनी दोन्ही हात उंच केले. एस.टी. पुढे निघाली, आणि मला एवढंच दिसलं की ती पायरी उतरली होती.